जुनी गाडी घाटात तापून बंद पडली: दुरुस्ती, विक्री की मोडीत?

बारा-पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी मे महिन्यात खंबाटकी किंवा कसारा घाटात तापून बंद पडली की दोन ठिकाणी नुकसान वाढतं. पहिलं रस्त्यावरच: गरम रेडिएटरवर बाटलीभर गार पाणी ओतायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि गाडी पुन्हा दामटायची. दुसरं गॅरेजमध्ये: ‘खोलून बघू’ एवढ्या बोलण्यावर इंजिन उघडलं जातं आणि मालकाच्या हातातला निर्णय निघून जातो. हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवलेली गाडी नीट विकता येत नाही, दुसरीकडे न्यायची तर पुन्हा क्रेन लागते, आणि मिस्त्री सांगेल तो आकडा मान्य करावा लागतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी इंजिन वाचवायचं, मग न उघडता निदान करायचं, मग गाडीचा सांगाडा तपासायचा आणि त्यानंतरच पैशांचा हिशेब. खाली उदाहरण लहान पेट्रोल हॅचबॅकचं घेतलं आहे, कारण महाराष्ट्रात या वयाच्या गाड्यांत त्याच सर्वांत जास्त दिसतात. डिझेल गाडीला आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

रस्त्यावर: पहिला तास

तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर सरकू लागला की एसी लगेच बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवा, काचा उघडा. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो. यातच एक फुकटची तपासणीही होते. काटा वर आहे आणि तरीही हीटरमधून गार हवा येते आहे, याचा अर्थ कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) बहुधा संपलं आहे. अशा वेळी पुढचा एक किलोमीटरही जाऊ नका. बऱ्याच लहान गाड्यांत काटा नसतोच, फक्त लाल दिवा असतो. तो दिवा पेटला म्हणजे इशाऱ्याची वेळ निघून गेलेली असते.

गाडी डावीकडे घ्या आणि चारही इंडिकेटर चालू करा. काटा थोडाच वर असेल, वाफ नसेल आणि पंखा फिरत असेल, तर इंजिन न्यूट्रलमध्ये दोन मिनिटं चालू ठेवलेलं बरं, कारण पाणी फिरत राहतं. काटा लाल रेषेवर असेल, वाफ येत असेल किंवा पंखा बंद असेल तर इंजिन ताबडतोब बंद करा. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, चाकाखाली दगड लावा. परावर्तक त्रिकोण सरळ रस्त्यावर किमान ५० मीटर मागे ठेवा. घाटात तो वळणाच्या अलीकडे ठेवावा लागतो, नाहीतर मागच्या ट्रकला तो तुमच्या गाडीसोबतच दिसेल. माणसांनी गाडीत बसून राहू नये, संरक्षक कठड्यापलीकडे सुरक्षित जागा असेल तिथे उभं राहावं.

रेडिएटरचं झाकण ३० ते ४५ मिनिटं उघडायचं नाही. चालू गाडीत कूलिंग सिस्टिममध्ये साधारण १ बार जादा दाब असतो. त्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे झाकण उघडताक्षणी आतलं पाणी वाफ होऊन चेहऱ्यावर येतं. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हाताने दाबून पाहा. तो मऊ आणि कोमट झाला, की जाड फडकं ठेवून झाकण पाव फेरा फिरवा, दाब जाऊ द्या, मग काढा.

आता पाणी घाला, पण मोजून. लहान गाडीच्या सिस्टिममध्ये एकूण साडेतीन ते पाच लिटर मावतं. अर्धा लिटर बसलं तर गळती जुनी आणि हळू आहे. दोन-तीन लिटर बसलं तर होज, रेडिएटर, वॉटर पंप किंवा हेड गॅस्केट (हेडखालचं सील) यांपैकी काहीतरी मोठं गेलं आहे. हा आकडा आणि गाडी किती किलोमीटर तापलेल्या अवस्थेत चालली हे फोनमध्ये लिहून ठेवा. गॅरेजमध्ये या दोन गोष्टींइतकी उपयोगी माहिती दुसरी नसते. कूलंट नसेल तर पिण्याचं साधं पाणी चालेल, नंतर सिस्टिम धुऊन घ्यायची आहेच.

पाणी भरल्यावर इंजिन पाच मिनिटं चालवून पाहा. खाली धार लागली नाही, काटा स्थिर आहे, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर नाही आणि इंजिन ऑइलची डिपस्टिक स्वच्छ आहे, तरच एसी बंद ठेवून जवळच्या गॅरेजपर्यंत जा. काटा पुन्हा चढला तर तिथेच थांबा. ‘थोडं थोडं करत’ घरापर्यंत नेलेल्या गाड्यांत होज किंवा थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) बदलायचं तीन-चार हजारांचं काम हेड वाकून वीस-पंचवीस हजारांवर जातं. हेड ॲल्युमिनियमचं असतं, ते खूप किंवा पुन्हा पुन्हा तापल्यावर वाकतं.

उचलून नेणं

दोरीने किंवा साखळीने टोचन करून घाट उतरवू नका. इंजिन बंद असताना पॉवर स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो. उतारावर मागची गाडी पुढच्या गाडीवर आदळण्याची भीती खरी असते. फ्लॅटबेड (गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक) मागवा. ऑटोमॅटिक आणि सीव्हीटी गाडीला तर फ्लॅटबेड लागतेच, चाकं जमिनीवर ठेवून ओढलं तर गिअरबॉक्स तेलाविना फिरतो आणि खराब होतो.

आधी विमा पॉलिसी उघडून रोडसाइड असिस्टन्स घेतलेला आहे का बघा. बऱ्याच जणांनी त्याचे पैसे भरलेले असतात आणि ते विसरलेले असतात. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे आहे, तिथे रस्त्याकडेच्या फलकावरचा मदत क्रमांक किंवा ११२ वापरा. खासगी क्रेनवाल्याशी भाडं, टोल आणि अंतर हे तिन्ही आधी ठरवा आणि गाडी चढवण्यापूर्वी चारही बाजूंचे फोटो काढा.

कुठे न्यायची? होज, बेल्ट, पंख्याचा फ्यूज एवढंच असेल तर घाटाच्या पायथ्याचं गॅरेज चालेल. इंजिन उघडायचा विषय निघाला की गाडी स्वतःच्या गावी आणा. या कामाला तीन-चार फेऱ्या होतात, नंतर पुन्हा दाखवावं लागतं, आणि २०० किलोमीटरवरच्या मिस्त्रीची तोंडी गॅरंटी उपयोगाची नसते.

निदान: स्वस्तापासून महागाकडे

गॅरेजमध्ये गाडी लावताना एकच वाक्य स्पष्ट सांगा: ‘आधी तपासणी, तिचे पैसे वेगळे देतो, हेडचा एकही बोल्ट माझ्याशी बोलल्याशिवाय सोडायचा नाही.’ मग पुढचा क्रम.

सर्वांत आधी प्रेशर टेस्ट. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. काटा उतरला तर गळती आहे. ती बाहेर दिसत नसेल तर पुढच्या सीटच्या पायाखालचं कार्पेट ओलं आहे का बघा, हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा तो छोटा रेडिएटर) गळत असेल. तिथेही काही नसेल तर पाणी इंजिनात जातं आहे. त्याच पंपावर झाकणही तपासतात. झाकणाची स्प्रिंग सैल झाली की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं. दोन-तीनशे रुपयांच्या या वस्तूकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं.

पंखा: एसी लावताच बहुतेक गाड्यांत तो लगेच फिरला पाहिजे. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मोटर, या क्रमाने बघायचं. एसीवर फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, तर तापमान सेन्सर किंवा त्याची वायर. एप्रिल २०१० नंतर देशात टप्प्याटप्प्याने ओबीडी (गाडीतली बिघाड ओळखणारी यंत्रणा) आलं आणि २०१३ पासून ओबीडी-२, म्हणून या काळातल्या गाड्यांना स्कॅनर लावून सेन्सर काय तापमान दाखवतो ते थेट वाचता येतं.

थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून पातेल्यातल्या पाण्यात टाकतात आणि पाणी हळूहळू तापवतात. त्यावर छापलेल्या तापमानाला, साधारण ८२ ते ८८ अंशांना, तो उघडायला लागला पाहिजे. इथे एका रूढ पद्धतीला ठाम विरोध केला पाहिजे. अनेक गॅरेजांत व्हॉल्व्ह काढूनच टाकतात आणि ‘आपल्याकडे थंडी कुठे असते’ असं सांगतात. व्हॉल्व्हविना इंजिन नेहमी गार चालतं, ईसीयू (इंजिनाचा संगणक) जादा पेट्रोल देत राहतो, ॲव्हरेज घसरतं, तेलात गाळ धरतो. मुख्य म्हणजे रेडिएटर अर्धा बंद असल्याचं किंवा गॅस्केट जाऊ लागल्याचं लक्षण काही महिने दडून राहतं. तुमच्या गाडीत व्हॉल्व्ह आहे का, हे विचारूनच घ्या. जुनी गाडी विकत घेतलेली असेल तर बहुतेकदा नसतो.

वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून ओघळ आलेला असेल किंवा पुली हाताने हलत असेल तर पंप गेला. रेडिएटर चोंदला आहे का हे इंजिन गरम असताना त्याच्या जाळीवर ठिकठिकाणी इन्फ्रारेड थर्मामीटर धरून कळतं. मधेच गार पट्टे लागले की तिथल्या नळ्या बंद आहेत. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेल्या गाड्यांत हे हटकून दिसतं, कारण क्षार आत बसतात.

आता हेड गॅस्केट. गार इंजिन सुरू करून दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक झाला, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे आले, ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या रंगाचा फेस दिसला, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर आला, तर संशय पक्का. पण फक्त झाकणाखालचा थोडा फेस पुरावा मानू नका. पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या धडधाकट गाडीतही दमटपणामुळे तो येतो. खात्रीसाठी ब्लॉक टेस्टर वापरा: रेडिएटरच्या तोंडाशी निळं द्रावण धरतात, सिलिंडरमधला वायू पाण्यात येत असेल तर ते पिवळं होतं.

आणि सर्वांत महत्त्वाची चाचणी म्हणजे कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं. ती हेड उतरवण्याआधी झालीच पाहिजे, नंतर ती करता येत नाही. बॅटरी पूर्ण भरलेली, इंजिन शक्य तितकं कोमट, सगळे प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन तोडलेलं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि प्रत्येक सिलिंडरला सेल्फवर पाच-सहा फेरे. चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते २०० पीएसआय येतं. एकूण आकड्याइतकाच सिलिंडरांमधला फरक बघायचा: १० ते १५ टक्क्यांपर्यंत ठीक. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर त्यांच्यामधली गॅस्केट फुटली आहे. एखादा सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर, म्हणजे १०-१५ मिलिलिटर, इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग झिजल्या आहेत. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

ही चाचणी का अडवून धरायची? खूप तापलेल्या इंजिनात पिस्टन रिंगचा ताण जातो. रिंग गेलेल्या इंजिनावर नवं हेड गॅस्केट बसवलं तर पंचवीस हजार खर्चून गाडी निळा धूर काढत बाहेर पडते, आणि सहा महिन्यांत तेच इंजिन पुन्हा उतरवावं लागतं. चारही सिलिंडर सारखेच खाली, म्हणजे १२०च्या आसपास आणि तेल घातल्यावर वर, असं दिसलं तर प्रश्न हेडचा राहत नाही, पूर्ण इंजिन बांधायचा होतो.

सांगाडा

इंजिनाच्या खर्चाचा अंदाज घेण्याआधी गाडी लिफ्टवर चढवा. इंजिन पुन्हा बांधता येतं, गंजलेला सांगाडा परत मिळत नाही. टॉर्च आणि एक बोथट स्क्रू-ड्रायव्हर एवढं पुरे. दारांखालच्या पट्ट्या, पुढच्या शॉकअबच्या (शॉक ॲब्सॉर्बरच्या) वरच्या वाट्या, मागच्या ॲक्सलची जोडणी, पुढचा क्रॉस मेंबर, फ्लोअर आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या, या जागी स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा. वरचा गंज खरवडून निघाला आणि खाली लोखंड कडक लागलं तर रंग-अंडरकोटिंगचं काम आहे. टोक आत गेलं, विशेषतः शॉकअबच्या वाटीत किंवा ॲक्सलच्या जोडणीत, तर त्या गाडीच्या इंजिनावर खर्च करू नका. तिथे पत्रा ठोकून वेल्डिंग केलं तरी अपघातात ती जागा भार घेत नाही.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, अलिबाग, गोवा इथे किनाऱ्यालगत राहिलेल्या गाड्यांत ही तपासणी अर्ध्या तासाची करा. मराठवाड्यात वाढलेली तेवढ्याच वयाची गाडी खालून कोरडी निघते. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल तर कार्पेटखालच्या वायरिंगचे जोडही उघडून बघा, हिरवट भुकटी दिसली तर विजेच्या तक्रारी संपणार नाहीत.

या तपासणीतून एकच उत्तर काढायचं: ही गाडी आणखी किती महिने सुरक्षित चालेल? बारा, चोवीस की छत्तीस? पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर उभा आहे.

हिशेब मांडायचा कसा

‘दुरुस्ती गाडीच्या निम्म्या किमतीवर गेली की विका’ हा सगळीकडे सांगितला जाणारा नियम दिशाभूल करतो. त्यात दुसरी गाडी घेतल्यावर लागणारा खर्च नाही आणि महिने नाहीत. योग्य मोजमाप म्हणजे पुढच्या काळाचा दरमहा खर्च.

उदाहरण म्हणून २०१२ ची हॅचबॅक धरा. चालू स्थितीत किंमत १.६ लाख, आहे त्या बंद स्थितीत ७० हजार. सांगाडा चांगला, कॉम्प्रेशन चांगलं, फक्त हेड गॅस्केट गेलं आहे. दुरुस्ती: हेड काम २५ हजार, रेडिएटर-पंप-होज-बेल्ट १२ हजार, क्रेन, ऑइल, कूलंट वगैरे ८ हजार, मिळून ४५ हजार. तुमच्या शहराचे आकडे घाला, मांडणी अशीच ठेवा.

ठेवायची ठरवली तर २४ महिन्यांत (आकडे हजारांत): आज न घेतलेली विक्रीची रक्कम ७०, दुरुस्ती ४५, दिसतच असलेली कामं ३२ (टायर १५, लोअर आर्म-बुश-शॉकअब १२, बॅटरी ५), राखीव १५, आणि २०२७ मध्ये येणारं पंधरा वर्षांचं रिपासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) व त्यासाठीची डागडुजी १२. बेरीज १ लाख ७४ हजार. दोन वर्षांनी गाडीचे १ लाख आले तर निव्वळ ७४. सुरुवातीला अडकलेल्या १.१५ लाखांचं ७ टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज सुमारे १६. एकूण ९० हजार, म्हणजे दरमहा सुमारे ३,७५०.

सहा वर्षं जुनी दुसरी गाडी ४.२ लाखांना घेतली तर: ट्रान्सफर आणि सुरुवातीची सर्व्हिसिंग २०, व्याज ५९, जादा विमा १२, दोन वर्षांनी विक्री ३.२ लाखांना. निव्वळ १ लाख ९१ हजार, दरमहा सुमारे ७,९५०. म्हणजे ४५ हजारांची दुरुस्ती कितीही टोचली तरी ती निम्म्या खर्चात गाडी देते. पूर्ण इंजिन बांधायला ४५ ऐवजी ७५ हजार लागले तरी याच हिशेबात दरमहा ५,२०० च्या आत बसतं.

आता तीच गाडी खालून कुजलेली आहे असं धरा. बंद स्थितीत ४० हजारच येतील आणि ती फार तर बारा महिने चालेल, मग २५ हजारांना मोडीत. ४० अधिक ४५ अधिक ३२ अधिक १५, वजा २५, व्याज ६. एकूण १ लाख १३ हजार, दरमहा सुमारे ९,४००. दुरुस्तीचा खर्च तोच, उत्तर उलटं. दुरुस्ती किती हजारांची आहे यावर वाद घालण्यापेक्षा गाडीचे उरलेले महिने तपासणं जास्त फायद्याचं, ते यासाठी.

गाडीच न ठेवण्याचा पर्यायही मांडून बघा, विशेषतः मुंबई-पुण्यात. महिन्याला ३०० किलोमीटर चालत असेल आणि टॅक्सी २१ रुपये किलोमीटर पडत असेल तर ६,३००. स्वतःच्या गाडीचे ३,७५०, पेट्रोल १४ च्या ॲव्हरेजने आणि १०५ रुपये लिटरने २,२५०, विमा-पीयूसी वगैरे ४००, मिळून ६,४००. साधारण तीनशे किलोमीटरच्या खाली गाडी तोट्याची, वर फायद्याची. घरात आजारी माणूस असेल, रात्री-अपरात्री निघावं लागत असेल किंवा गाव एसटीच्या शेवटच्या थांब्यापलीकडे असेल, तर हा हिशेब बाजूला ठेवायला हरकत नाही, ती गरज पैशात मोजू नये.

दुरुस्त करून लगेच विकायची असेल तर ४५ घालून ९० हजारांनी किंमत वाढते असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात ‘इंजिन उघडलेलं आहे’ म्हणून गिऱ्हाईक भाव पाडतं. लेथचं बिल, पार्टची बिलं आणि जुनी गॅस्केट दाखवता आली तर फरक कमी पडतो. लपवून विकू नका.

दोन गोष्टी भावाच्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला, तेव्हा त्याआधीचे जुन्या गाड्यांचे भाव प्रमाण धरू नका. आणि दहा वर्षांच्या डिझेल व पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरचे निर्बंध दिल्ली-एनसीआरचे आहेत. महाराष्ट्रात ते सांगून कोणी भाव पाडत असेल तर ऐकू नका.

विम्यावरही विसंबू नका. सर्वसमावेशक पॉलिसी अपघात, पूर, आग, चोरी यांसाठी असते, गॅस्केट उडणं त्यात बसत नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल्फ मारून बिघडली तर इंजिन संरक्षणाची जोड नसताना दावा सहसा नाकारला जातो.

दुरुस्ती ठरली तर

एस्टिमेट लेखी आणि टप्प्यांत घ्या: हेड उतरवणं, लेथवर तपासणी, जोडणी. लेथवाल्याचा निकाल आल्यावर फोन, त्याशिवाय पुढे नाही, आणि एकूण रकमेला वरची मर्यादा. हेडवर स्टीलची सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालतात. बऱ्याच लहान इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. जास्त असेल तर फेसिंग (घासून सपाट करणं), पण मॅन्युअलमधल्या किमान जाडीपर्यंतच. फेसिंगसोबत हेडची प्रेशर टेस्ट सांगा, बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. ब्लॉकचा वरचा पृष्ठभागही त्याच पट्टीने तपासायला लावा, हे बहुतेक ठिकाणी राहून जातं आणि नवी गॅस्केट तीन महिन्यांत जाते.

हेड उघडलंच आहे तर व्हॉल्व्ह सील, थर्मोस्टॅट, सगळे होज आणि वॉटर पंप बदलून घ्या, मजुरी तीच राहते. टायमिंग बेल्टचं इंजिन असेल तर बेल्ट आणि टेन्शनरही. मारुतीच्या के-सिरीजमध्ये चेन आहे, आधीच्या आल्टोच्या ८०० सीसी इंजिनात बेल्ट होता. ज्या इंजिनात हेड बोल्ट ताणून बसणारे असतात तिथे नवेच बोल्ट लागतात, आणि आवळणी टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने), मॅन्युअलच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने. गॅरेजात टॉर्क रेंच दिसत नसेल तर काम तिथे देऊ नका.

गॅस्केट, बोल्ट, बेल्ट, थर्मोस्टॅट कंपनीचेच घ्या. रेडिएटर चांगल्या दुसऱ्या ब्रँडचा चालतो. कुर्ल्याच्या किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून दार, आरसा, दिवा, काच आणायला हरकत नाही. ब्रेक, स्टीअरिंग आणि रबराची कुठलीही वस्तू तिथून नको. जुनं अख्खं इंजिन आणून टाकायचं असेल तर बिल आणि मूळ गाडीचे कागद हवेत, आणि आरटीओच्या परवानगीने आरसीवर नवा इंजिन क्रमांक चढला पाहिजे. नाहीतर रिपासिंगला गाडी अडकते आणि चोरीच्या इंजिनाचा प्रश्न तुमच्या गळ्यात येतो.

कागद

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून आरटीओत गाडी दाखवायची, मग पाच वर्षं वाढतात. चारचाकीचं शुल्क ५,००० रुपये, वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून १०,०००. उशिराला दरमहा ५०० जादा. शिवाय राज्याचा पर्यावरण कर, चालू विमा, पीयूसी आणि एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाट्या. चलनं थकलेली असतील तर आधी भरून टाका.

विकताना मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करून गाडी देऊन टाकणं धोक्याचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार खटल्यात स्पष्ट केलं, की आरसीवर ज्याचं नाव त्याच्यावर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी. ट्रान्सफर होईपर्यंत खरेदीदाराची थोडी रक्कम अनामत म्हणून स्वतःकडे ठेवा किंवा स्वतः अर्ज करून घ्या. डीलरला देत असाल तर तो अधिकृत आहे का बघा आणि फॉर्म २९सी ऑनलाइन भरून घ्या. एप्रिल २०२३ पासून त्या नोंदीनंतर जबाबदारी डीलरकडे जाते.

मोडीत काढायची तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच. भंगारवाला दोन-तीन हजार जास्त देईल, पण आरसी रद्द होत नाही आणि चासी क्रमांक दुसऱ्या गाडीवर फिरू शकतो. केंद्रातून सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं. ते ठरावीक मुदतीपर्यंत चालतं, नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं, आणि खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा केंद्राच्या नियमांत राज्यांना आहे. राज्यात सध्या किती मिळते ते आरटीओत विचारून मगच नव्या गाडीचा हिशेब करा. हे प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येतं.

पहिले हजार किलोमीटर

दुरुस्तीनंतर रोज सकाळी गार इंजिनावर कूलंटच्या टाकीची पातळी बघा आणि टेपची खूण लावा. पहिल्या दोन दिवसांत अडकलेली हवा निघून थोडी उतरते, त्यानंतर स्थिर राहिली पाहिजे. तेलात पाणी मिसळलं होतं तर हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, नाहीतर उरलेला फेस बेअरिंग खातो. बोअरचं पाणी आता बंद: तयार कूलंट, किंवा कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. लांबच्या प्रवासाआधी एकदा जवळचाच चढ एसी लावून चढवून बघा.

आणि हिशेबातले राखीव १५ हजार वेगळे ठेवा. त्यातून गेलेला प्रत्येक खर्च तारखेसह लिहा. ते चोवीस महिन्यांआधी संपले, तर पुढचं बिल भरण्यापूर्वी गाडी पुन्हा लिफ्टवर चढवून उरलेले महिने नव्याने ठरवा.